"बेसिक शिकावं" म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. इंटेलचा जुना आय-सेव्हन प्रोसेसर रेंडरिंगच्या (चित्र किंवा व्हिडिओ तयार करण्याच्या) टेस्टमध्ये नव्या आय-थ्रीपेक्षा स्लो पडतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, मग परत वाचली, कारण आधी वाटलं चेष्टा करताय. "बालिश तुलना आहे, ३.४ गिगाहर्ट्झचा आय-सेव्हन ३.३ च्या आय-थ्रीपेक्षा स्लो असेलच कसा, लेखकाने आधी बेसिक शिकावं." मतभेद असूदेत की, पण ही काय बोलायची पद्धत झाली? "पटलं नाही, समजावून सांगा" असंही लिहिता आलं असतं, तेवढेच शब्द लागले असते.

असो, बेसिकच काढलंत ना, मग तिथूनच सुरू करू. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, बस्स. एका सायकलमध्ये काम किती होतं ते त्या आकड्यात कुठेच नसतं. मी पेंटियम ४ या इंटेलच्याच जुन्या प्रोसेसरच्या काळापासून मशीन असेंबल करतोय, तेव्हाही लोक आकडा बघूनच भाळायचे, आणि मग २००६ मध्ये २.४ चा कोर २ ड्युओ आला आणि ३.८ वाल्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत मागे टाकून गेला. नंतरच्या पेंटियम ४ ची, म्हणजे प्रेस्कॉटची पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन, म्हणजे आज्ञा, टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी साखळी) ३१ टप्प्यांची, ब्रँचचा, म्हणजे प्रोग्रॅम पुढे कुठल्या वाटेने जाणार याचा, अंदाज चुकला की आत भरलेलं काम फेका आणि पुन्हा भरा. कोर २ मध्ये टप्पे १४. हे तुम्हाला माहीत असेलच म्हणा, बेसिक आहे.

इथेही तेच. २०११ चा आय-सेव्हन २६००के आणि २०२२ चा आय-थ्री १२१००, दोन्हीला ४ कोर ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). जुना एका सायकलला ४ इन्स्ट्रक्शन डिकोड करतो, म्हणजे उलगडून कामाला लावतो, नवा ६. एल२ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, दर कोरला तिकडे २५६ केबी, इकडे सव्वा एमबी, त्यामुळे डेटासाठी लांब धावावं लागत नाही. आणि तुम्ही दिलेले दोन्ही आकडे बेस क्लॉकचे, म्हणजे किमान हमीच्या वेगाचे आहेत हो, टर्बो, म्हणजे गरजेला गाठायचा कमाल वेग, ३.८ आणि ४.३, तिथेही नवाच पुढे. आय-सेव्हन, आय-थ्री ही उतरंड त्या त्या पिढीपुरती असते, मध्ये दहा पिढ्या गेल्यावर तिचं काय घेऊन बसलात?

"माझा जुना आजही मस्त चालतो" म्हणता, चालणारच, ब्राउझिंग-टायपिंगला एसएसडी टाकून आरामात चालेल, मान्य, मी कधी नाही म्हटलं? जुन्या मशीनला हार्ड डिस्क आणि नव्याला एसएसडी होती म्हणून टेस्टच चुकीची, हे मात्र उगाच काहीतरी. रेंडरिंगमध्ये डिस्कचा संबंध येतो कुठे, सोडा. बाकीच्या ओळींना उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही.

तुमच्या मशीनचा सिनेबेंचचा (प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा) सिंगल कोर स्कोअर टाका, स्क्रीनशॉटसकट, मग बोलू.