कॅमेरा विकू नकोस

आज मधल्या सुट्टीत एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. "मॅडम, कॅमेरा विकून टाकायचाय. तुमच्या ओळखीत कोणी घेईल का?" डबा उघडला होता, तो तसाच झाकून ठेवला.

हा पोरगा केळीच्या कटाईवर जातो. वडील जातात, मोठा भाऊ जातो, हा कॉलेज सांभाळून जातो. दोन वर्षांची मजुरी बाजूला टाकून त्याने जळगावहून जुना डीएसएलआर आणला, सोबत मिळते ती साधी लेन्स. आणला त्याच आठवड्यात त्याने मला पहिला फोटो पाठवला होता. नुकतं फटफटलेलं, गाडीवर उभा माणूस खाली वाकलेला, खालून दोन हात घड वर देतायत, आणि दोघांच्या मधे तो घड अधांतरी. मी तो फोटो सातवीच्या वर्गात दाखवला. पोरं गप्प झाली होती बघून.

आणि आता हा कॅमेरा विकायला निघालाय. का, तर फोटोग्राफीच्या एका ग्रुपवर त्याने साधा प्रश्न विचारला, "एडिटिंगसाठी परवडेल असं सॉफ्टवेअर कोणतं?" एका ज्येष्ठांनी उत्तर दिलं, महिन्याचा प्लॅन परवडत नसेल तर मोबाईलवर काढ फोटो, कॅमेऱ्याचा नाद कशाला. दुसऱ्याने फुकटात चोरीच्या कॉपीची लिंक टाकली आणि वर सूचना, आधी अँटिव्हायरस बंद कर. दोन्ही उत्तरांखाली लाईकच्या अंगठ्यांची रांग. एकालाही वाटलं नाही की या पोराला सरळ उत्तर द्यावं. सरळ उत्तर आहे. कित्येक वर्षांपासून आहे.

ग्रुपवर भांडले नाही. इथे लिहितेय, कारण माझी माणसं इथे आहेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमच्या आबांचा तो फोटो पाहिलाय, दिवाणखान्यातला. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतायत तो. डिसेंबर २०१८, आमचं चोपड्याजवळचं शेत, भरिताची पार्टी. सूर्य कलला होता आणि आबा नेमके त्याच्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले. मी कॅमेरा काढला तर म्हणाले, "तू फोटू काढ व माय, मी वांगा भाजस." मी घाईत दाबलं. फोटो बघितला तर आकाश पांढरंफटक, धूर सोनेरी आणि आबांचा चेहरा कोळशासारखा काळा. फसला म्हणून सोडून दिला. पण त्या दिवशी मी रॉ (कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं कच्चं जसंच्या तसं ठेवणारी फाईल) आणि जेपीजी (नेहमीची, आटोपशीर केलेली फाईल) दोन्ही ठेवले होते, आणि रॉ पुसली नव्हती. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

तेव्हा मी एका मोठ्या कंपनीचं महिन्याच्या पैशांचं सॉफ्टवेअर वापरत होते. नाव घेत नाही. २०२१ मध्ये आबा गेले. त्याआधीचे दिवस दवाखान्यात गेले, खातं रिकामं झालं, आणि प्लॅनचा हप्ता परस्पर कापला जायचा तो कापला गेला नाही. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. गंधमुक्तीसाठी फोटो हवा होता. लोकांकडे आबांचे लग्नातले, फेट्यातले फोटो होते, पण मला शेतातले आबा हवे होते. रात्री अकराला लॅपटॉप उघडला. फोटो दिसत होते. आबा दिसत होते. पण चेहऱ्यावर उजेड आणायची जी जी पट्टी होती ती राखाडी झालेली, सरकेचना. आधी पैसे भरा. घरात सुतक, आई आतल्या खोलीत जागी, आणि स्क्रीनवर माझ्याच बापाचा काळा चेहरा.

हे लिहितानाही हात थरथरतोय.

म्हणून मला किमतीपेक्षाही भाड्याचा राग येतो. माणूस घरभाडं भरतो, समजू शकते. पण आपल्या आठवणींवर दुसऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्लीचं भाडं आपण जन्मभर भरायचं, हे हौशी माणसाने का करावं? आपल्याकडे केळीचा भाव कोसळला की घरातला प्रत्येक खर्च थांबतो. कपाशीवर बोंडअळी आली की थांबतो. महिन्याच्या महिन्याला न चुकता पैसे येणारं घर आपल्या भागात किती जणांचं आहे? शिक्षकाचं आहे, बँकवाल्याचं आहे. त्या पोराचं नाही. त्याने वर्षभर भाडं भरलं तर त्या पैशात ५० एमएमची जुनी लेन्स येईल, आणि ती लेन्स त्याच्याकडेच राहील.

हं, लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी खुशाल भरावं, त्यांना दोन दिवसांत हजार-दोन हजार फोटो काढून द्यायचे असतात. माणूस आणि आकाश एका टिचकीत वेगळं करायची सोयही तिकडे जास्त चांगली आहे, मान्य. पण तो पोरगा धंदा करत नाहीये.

त्या रात्री मी डार्कटेबल नावाचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. नाव ऐकून होते, कधी हात लावला नव्हता. २००९ पासून आहे, जगभरातले लोक आपापल्या वेळात ते घडवतात, आणि पैसा लागत नाही. पहिला तास नुसता गोंधळ. खरं सांगते, ते सोपं नाही. खोल्याच खोल्या असलेल्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. रात्री दोनला त्यातलं टोन इक्वलायझर नावाचं साधन सापडलं. त्यात फोटोचे अंधारापासून उजेडापर्यंत टप्पे पाडलेले असतात आणि हवा तो टप्पा एकटा वर उचलता येतो. मी अंधाराचा टप्पा हळूहळू वर घेतला. आधी कान दिसला. मग गालावरचा व्रण, बैलाने शिंग मारलं होतं तो. मग डोळे. आबा माझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं ते वांग्याकडे बघतायत. अडीच वर्षं तो फोटो माझ्याजवळ होता आणि मला हे माहीत नव्हतं.

मी आईला हाक मारली. ती आली, बसली, काही बोलली नाही. पदराने स्क्रीन पुसली तिने.

हे कसं झालं तेही सांगते, कारण "फुकटचं ते फुकटचं" म्हणणारे लोक इथेच चुकतात. चेहरा कॅमेऱ्याच्या रॉमध्ये होताच. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. जेपीजीत काळा झालेला भाग उजळला की नुसता चिखल वर येतो, रॉमध्ये खाली काहीतरी शिल्लक असतं. ते वर आणायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असं कोणी शिकवलं आपल्याला? आणि मूळ फाईलला डार्कटेबल हातही लावत नाही, केलेले बदल शेजारी एका छोट्याशा फाईलमध्ये लिहून ठेवतं. आबांची रॉ आजही जशीच्या तशी आहे.

आता त्या पोरासाठी, आणि त्याच्यासारख्या जे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी.

बाळा, तुझ्या फोटोंत मजुरांचे चेहरे हिरवट येतात म्हणून तू मागे विचारलं होतंस. कॅमेऱ्याचा दोष नाही. केळीच्या बागेत ऊन पानांतून गाळून येतं आणि पानांवर आपटून येतं, माणसं त्या हिरव्या उजेडात बुडालेली असतात. रॉमध्ये काढ, व्हाईट बॅलन्समध्ये (उजेडाच्या रंगाचा तोल साधायची सोय) टिंटची पट्टी हिरव्याकडून जांभळ्याकडे थोडी सरकव. थोडीच. सगळं हिरवं काढून टाकलंस तर बागच जाईल फोटोतून. डार्कटेबल जड वाटलं तर रॉथेरपी घे, तेही रॉ एडिट करायचंच सॉफ्टवेअर. बुडापेस्टच्या एका माणसाने सुरू केलेलं, २०१० पासून सगळ्यांसाठी खुलं. सुरुवात करायला मला ते जास्त सरळ वाटतं. विजेची तार खोडायची असेल, फोटोवर नाव घालायचं असेल तर गिंप आहे, १९९६ पासून लोक वापरतायत. फोटो हजारांत गेले की लावून ठेवायला डिजिकॅम. आणि ज्या कंपनीचा तुझा कॅमेरा आहे तिचं स्वतःचं रॉ उघडायचं सॉफ्टवेअर पण बघ. कॅननचं आणि निकॉनचं दोन्ही मोफत मिळतात, आणि कॅमेऱ्यात दिसतात तेच रंग देतात. लॅपटॉप मिळेपर्यंत फोनवर स्नॅपसीडमध्ये जेपीजी घेऊन हात बसव, तेही मोफत आहे.

कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. अफिनिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअरही आता मोफत आहे, कॅन्व्हा या डिझाइनच्या कंपनीने २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून पैसे घेणं थांबवलं. चांगलं आहे, वापरा. पण तिथे कंपनीचं खातं काढावं लागतं, आणि आज मोफत ठेवणारी कंपनी उद्या विचार बदलू शकते. डार्कटेबल, रॉथेरपी, गिंप यांचं तसं नाही. त्यांचा परवानाच असा आहे की तुमच्याकडे आलेली प्रत कोणी परत मागू शकत नाही. एकदा पट्ट्या राखाडी झालेल्या बघितल्या की माणूस हे बघूनच घेतो.

आणि चोरीच्या कॉपीची लिंक टाकणाऱ्या दादांना. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय शिरायचं ते शिरू दे, तुमची मर्जी. पण वीस वर्षांच्या पोराला अँटिव्हायरस बंद करायला सांगताना लाज कशी वाटली नाही? त्याच लॅपटॉपवरून तो शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार, त्यावरूनच बापाचं बँक खातं बघणार. शेजारी चांगली वस्तू उघड्यावर मोफत मांडलेली असताना तुम्ही त्याला चोरी शिकवता. वर ती मदत म्हणून.

ज्येष्ठांबद्दल मात्र राग उतरलाय आता, लिहिता लिहिता. त्यांना कदाचित माहीतच नसेल. त्यांनाही कोणीतरी असंच सांगितलं असेल. पण काका, तुम्ही चाळीसगावचं नाव नेहमी घेता. आपल्या छायाचित्रकार केकी मूसांनी तिथल्या स्टेशनाजवळच्या त्या घरात आयुष्य काढलं, टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून चित्रं उभी केली, आणि १९८९ मध्ये त्याच गावात डोळे मिटले. खान्देशातल्या पोराला "नाद कशाला" म्हणताना एकदा ते घर आठवायला हवं होतं तुम्हाला.

मी पोराला उत्तर पाठवलंय. कॅमेरा विकू नकोस, रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने येतेय, कार्डातल्या फाईली पुसू नकोस. त्याने विचारलं, "मॅडम, तो पहिला फोटो रॉमध्ये आहे, त्यातला खालून घड देणारा माणूस काळा आलाय, ते माझे पप्पा आहेत. दिसतील का?"

दिसतील. मी आबांचं सांगितलं त्याला.

आता एक काम आहे तुमच्याकडे. चोपडा, अमळनेर, यावल, या पट्ट्यात कोणाकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर सांगा. आठ जीबी रॅम असावी, बॅटरी गेलेली असली तरी चालेल, चार्जर लावून वापरेल तो. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. रविवारच्या आत मिळाला तर फार बरं होईल.