नमदा म्हणजे चादर नव्हे

आखाजीला मुलगी माहेरी येणार म्हणून घरात आवराआवर सुरू होती आणि मी दोन दिवस बाहेरगावी गेले होते. तेवढ्यात, अठरा वर्षे जिवापाड जपलेला श्रीनगरचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला भरतकामाचा गालिचा, घरच्यांनी परस्पर जळगावातल्या एका लाँड्रीत देऊन टाकला. त्याच्या पिशवीवर मी स्वतः चिठ्ठी टाचून ठेवली होती: गरम पाणी नको, सोडा नको, पिळू नये. घरातल्या कोणी ती वाचली नाही, आणि ज्याचा धंदाच कपडे धुण्याचा आहे त्यानेही वाचली नाही!

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गेलेली वस्तू साडेचार बाय तीन होऊन परत आली, तीही अर्धवट ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली. मऊ लोकर पुठ्ठ्यासारखी कडक झाली आहे आणि कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या आहेत. भरतकामाचा धागा लोकरीइतका आटला नाही, त्यामुळे चिनारच्या प्रत्येक पानाभोवती चुण्या पडल्या आहेत. मी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, ब्लँकेट गरम पाण्यातच निघतं."

ब्लँकेट! नमद्यात घोंगडीसारखे उभे-आडवे धागे नसतात, तो मागावर विणलेलाच नसतो. कारागीर लोकरीचे थर पसरतात, त्यावर साबणाचे पाणी शिंपडतात, चटईत गुंडाळतात आणि पायांनी रेटून रेटून लाटतात; लोकरीच्या केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकत जातात आणि त्या गुंत्यातूनच कापड तयार होते. गरम पाणी, साबण आणि मशीनची घुसळण यांनी तीच क्रिया पुन्हा सुरू होते आणि नमदा आटत जातो. सोडा तर लोकरीचा केसच खातो. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या डोळ्यांदेखत पाहत वाढलेल्या माणसांना लोकर म्हणजे काय हे सांगावे लागावे, याचा मला मनस्वी संताप येतो.

आणि जपणूक तरी किती सोपी आहे! महिन्यातून एकदा उलगडून झटकायचा, कारण कसर अंधारात, न हलवलेल्या घडीतच लागते. डाग पडला तर घासायचे नाही, थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपून घ्यायचे. धुणे अगदीच टळत नसेल तर गार पाण्यात थोडे रिठ्याचे पाणी घालून हलकेच दाबायचे आणि सावलीत सपाट पसरून वाळवायचे. आमच्या गच्चीवरच्या वैशाखातल्या उन्हात तर मुळीच नाही, कारण त्यात रंग उडतो. यासाठी ना पैसा लागतो ना शिक्षण, फक्त दुसऱ्याच्या हातच्या कामाविषयी थोडी आस्था लागते.

काल रात्री तो पुन्हा भिजवून मी आणि मुलीने चारही कोपरे धरून तासभर ओढून पाहिला. अर्धा इंचही सुटला नाही.