बांबोळीच्या रांगेत आम्ही का असतो? म्हापशाच्या वाचकांना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक करदाता, म्हापसा’ अशी सही केलीत, म्हणून नुसतं भाऊ म्हणते. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग रात्री माझाच ‘बांबोळीची वाट’ हा लेख पुन्हा वाचला, तेव्हा त्यातला थोडा राग माझ्यावरही आला. म्हणून चार दिवस थांबून लिहितेय.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. सिंधुदुर्गातला पेशंट जरा गंभीर झाला की त्याला गोव्यात बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात (गोमेकॉला), नेतात. २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याबाहेरच्या पेशंटना तिथे शुल्क लागू झालं, त्याबद्दल मी लिहिलं होतं की गोव्याने शेजारधर्म सोडला. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ताई, शेजारधर्म किती वर्षं पाळायचा? इस्पितळ आमच्या करावर चालतं. साध्या तापाला, पोटदुखीलासुद्धा तुमचे लोक गाड्या भरून येतात, फुकट मिळतं म्हणून. माझ्या आईला एका सरकारी इस्पितळात चार तास बाकावर बसावं लागलं. तुमच्याकडे ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, तिथे जा.”

आईंचं आधी. चार तास बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारधर्माचं व्याख्यान द्यायचा मला अधिकार नाही. मूळ लेखात गोव्यातला पेशंट कुठेच नव्हता, जणू ते इस्पितळ आमच्याचसाठी रिकामं असतं. ती माझी चूक.

साध्या तापाला येतात हेही खरं आहे. मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते, जिल्ह्याच्या गोव्याकडच्या टोकाला. उपकेंद्राच्या दारावरून गाडी पुढे जाताना मी स्वतः बघितलीय. हात दाखवून विचारलं, “खंय चललास?” तर उत्तर, “बांबोळेक.” काय झालंय? तर पोरीला दोन दिवस ताप. उपकेंद्रात मी बसलेय, सहा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि ही माणसं राज्य ओलांडून निघालीत.

पण ‘फुकट मिळतं म्हणून’ हे मात्र पटत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. रात्री बांबोळीला जायचं तर गाडीवालाच तीन-चार हजार मागतो. वर सोबतच्या दोघांची मजुरी बुडते, चहा-जेवण वेगळं. फुकटच्या लोभाने कुणी एवढे पैसे मोडत नाही.

माणूस एकदा तालुक्याला जातो. तिथे सोनोग्राफीचं मशीन असतं, पण ते चालवणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. पुढच्या वेळी सर्जन असतात तर भूलतज्ज्ञ नसतात, म्हणजे सिझर होणार नाही. तिसऱ्या वेळी सगळे असतात, तर रक्ताची पिशवी नसते. तिन्ही वेळा चिठ्ठीवर एकच शब्द येतो, ‘रेफर’, म्हणजे पुढच्या मोठ्या इस्पितळात न्या. मग चौथ्या वेळी घरातला शहाणा माणूस म्हणतो, शेवटी तिकडेच पाठवणार ना? मग मधे कशाला थांबा? म्हणून ताप आलेली पोरगी थेट बांबोळीला निघते. तुमच्या रांगेत उभी असलेली गर्दी अशी घरोघरच्या जुन्या अनुभवांनी जमते. शुल्क लावून ती फार कमी होणार नाही, झाली तर फक्त गरिबाची कमी होईल आणि कर्ज काढून येणारे वाढतील.

यात आमचंच नुकसान जास्त होतं, आणि तेही लेखात लिहायचं राहून गेलं होतं. घोणस चावलेल्या माणसाला थेट बांबोळीला पळवणं म्हणजे हातातली वेळ रस्त्यात सांडणं. सर्पदंशावरची लस, एएसव्ही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर तीच चालते. घोणशीचं विष भिनलंय का हे बघायला मोठं यंत्र लागत नाही: काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर लगेच लस सुरू. ती सुरू करून मग पुढे न्यायचं, कारण मूत्रपिंडावर परिणाम झाला तर डायलिसिस लागतं. पण आधी सलाईन आणि लस, मग गाडी. माझ्या नोकरीत उलटा क्रम झालेली माणसं मी पाहिली. त्यातली दोन परत आली नाहीत. त्यांना केंद्रात आणा म्हणून मी फोनवर ओरडत होते आणि गाडी गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका पार करून गेली होती.

आता कराचं बघू. हिशेबच मांडायचा म्हटला तर आमच्याकडेही वही आहे. तुमच्या बार्देश तालुक्यातल्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिळारी धरणाचं. धरण दोन्ही राज्यांचं, खर्चातला मोठा वाटा गोव्याने दिला हे कबूल, पण पाण्याखाली गेली ती दोडामार्ग तालुक्यातली गावं. कालवा फुटला की म्हापशात नळ कोरडे पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आमची अर्धी तरुण पोरं पहाटेच्या गाडीने गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत आणि आता मोप्याच्या विमानतळावर कामाला जातात. तिथे पगारातून चहा-वडापावपासून मोबाइलपर्यंत जे घेतात, त्याच्या जीएसटीतला राज्याचा वाटा पणजीच्याच तिजोरीत जातो. म्हणजे तुमच्या सहीतला करदाता आमच्या दोडामार्गातल्या कुडासे-साटेलीलाही राहतो.

हे लिहिताना मजा आली, पण ही वही मला पुरत नाही. तिळारीचं धरण नसतं, आमची पोरं गोव्यात कामाला गेली नसती, तरी बाळंतपणात रक्त थांबेना अशी बाई तुमच्या दारात आली असती. तिला काय विचारायचं, जीएसटी भरलास का? या हिशेबाने गेलं तर परळच्या टाटामध्ये गोव्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटलाही कुणीतरी विचारेल. केईएम १९२६ पासून मुंबई महापालिकेचं आहे, मुंबईकरांच्या पट्टीवर चालतं, आणि तिथल्या वॉर्डात बीड, जळगाव, सिंधुदुर्ग सगळे शेजारी शेजारी झोपलेले असतात. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आपल्या जीटीबी रुग्णालयात ऐंशी टक्के खाटा दिल्लीकरांना राखून ठेवायचा प्रयोग केला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पेशंटच्या आधारकार्डावरचा पत्ता बघून खाट द्यायची ही कल्पना तुमची एकट्याची नाही, तिच्यात किती अडचणी येतात तेही बघून झालंय.

आणि आजाराला पत्ता कळत नाही. २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. तुमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो आदल्या वर्षीच येऊन गेला होता. काजूचा हंगाम तोंडावर, बागांत माकडं मरून पडलेली, आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी पालापाचोळ्यात उतरलेल्या. पाचोळा गोळा करायला गेलेला माणूस तीन-चार दिवसांनी तापाने फणफणायचा, डोकं फुटल्यासारखं दुखायचं, कंबर मोडून यायची. गोचिडी अंगावर चढू नयेत म्हणून आम्ही हातापायाला लावायचं डीएमपी तेल वाटत हिंडायचो. एक म्हातारा मला म्हणाला, “बाय, ह्यां त्याल गोचडीक दाखव, माका कित्याक?” एकाच बागेचा वरचा बांध महाराष्ट्रात आणि खालचा गोव्यात अशी तिथली जमीन. आजारी पडलेले कितीतरी जण बांबोळीलाच दाखल होते. समजा तेव्हा दारात शुल्क असतं आणि त्या भीतीने माणसं अंगावर ताप काढत घरी पडली असती, तर त्या बागेत पुढच्या आठवड्यात कामाला येणारे मजूर गोव्यातलेही होते. तेव्हा बांबोळीत कुणी पत्ता बघत बसलं नाही, याचा फायदा दोन्हीकडे झाला. गोव्याचे मी आभार मानायला हवे होते, मी टोमणा मारला.

तरी तुमच्या एका वाक्यापुढे मी अडते: “शेजारधर्म किती वर्षं पाळायचा?”

प्रश्न रास्त आहे. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. सरकारी मेडिकल कॉलेज ओरोसला सुरू झालं २०२१ मध्ये. मधली चाळीस वर्षं आम्ही काय करत होतो? बांबोळीला जात होतो. इस्पितळ बांबोळीला येण्याआधी माणसं पणजीला जायची, जिथे आता इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो त्या जुन्या इमारतीत. गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे, आमच्या आजे-पणज्यांनाही ते जवळचं होतं. एवढं चांगलं इस्पितळ तासाभरावर असलं की आपल्या तालुक्यात भूलतज्ज्ञ नाही याची बोच लागत नाही. आंबोली घाट चढून कोल्हापूरला जायला तीन तास लागतात. ते एकच मोठं इस्पितळ असतं, तर आम्ही केव्हाच रस्त्यावर बसलो असतो. पुढाऱ्यांचं तर विचारूच नका, त्यांच्या घरचं माणूस आजारी पडलं की गाडी मुंबईला किंवा गोव्याला लागलेली असते.

आम्ही रस्त्यावर बसलो ते २०१८ मध्ये, तुमच्या शुल्कानंतर. दोडामार्गात आंदोलन झालं. महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेत गोमेकॉला घ्या ही त्यातली एक मागणी होती, आणि आमच्या इथल्या रुग्णालयांत डॉक्टर द्या ही दुसरी. मी तेव्हा नोकरीत होते, उघड जाता येईना, पण रजा टाकून दोन दिवस मागच्या बाजूला जाऊन बसले. आमच्या आरोग्याच्या प्रश्नावर एवढी माणसं मी आधी कधीच पाहिली नव्हती. म्हणजे तुमच्या सरकारचा निर्णय खाटेवरच्या माणसावर अन्याय करणारा होता असं मी आजही म्हणेन, पण आम्ही जागे झालो तेही त्यानेच. मूळ लेखात मी पहिलं लिहिलं, दुसरं सोयीस्कर गाळलं.

गावातली गोष्ट त्याहून लाजिरवाणी. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांची एक समिती असते, तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी येतो. आमच्या भागात तिची बैठक कशी व्हायची? आशाताई वही घेऊन घरोघर फिरायची आणि सह्या आणायची. मीही वर्षानुवर्षं त्या वहीवर सही केली. तालुक्याच्या दवाखान्यात किती पदं रिकामी आहेत हे ग्रामसभेत विचारलं कुणी? मंदिराच्या जीर्णोद्धाराला आम्ही महिन्याभरात वर्गणी उभी करतो, पेशंटला बांबोळीला न्यायला गाडीभाडंही गोळा करतो. रात्री दोनला वर्गणी काढणाऱ्या त्याच दहा जणांनी दिवसा अकराला तहसील गाठलं असतं, तर कदाचित रात्रीची वर्गणी लागली नसती. हे मी माझ्या गावाला ऐकवते आहे, तुम्हाला नाही.

“ओरोसला जा” याबद्दल. जाऊ. पण मेडिकल कॉलेजची पाटी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही. वर्गात शंभर मुलं बसली तरी वॉर्डात अनुभवी हात तयार व्हायला वर्षं जातात. गोमेकॉला किती पिढ्या लागल्या ते वर लिहिलंच आहे. तोवर डोक्याला मार लागलेला, हृदयाचा झटका आलेला माणूस जो दवाखाना आधी लागेल तिथे जाणार, आणि दोडामार्गच्या माणसाला तो दक्षिणेला लागतो. त्याला अडवू नका. ताप-खोकला, रक्तदाब, साखर, गुडघेदुखी घेऊन येणाऱ्यांना मात्र तुम्ही बेलाशक म्हणा, आधी तुमच्याकडे दाखवलंत का? हा प्रश्न मी तीस वर्षं उपकेंद्राच्या दारात विचारत होते, माझं कुणी ऐकलं नाही. तुम्ही विचारलात तर निदान वाईट वाटून तरी ऐकतील.

यात मीही आले. गेली तीन वर्षं माझ्या गुडघ्यांसाठी मी बांबोळीच्याच ओपीडीत जाते. ओळखीच्या दोन नर्सबाई आहेत, केसपेपर लवकर मिळतो, आणि येताना म्हापशाच्या बाजारातून सुके बांगडे आणता येतात. म्हणजे तुमच्यासारख्याच कुणाच्या आईच्या पुढे रांगेत मी असेन, तेही गुडघ्यासाठी. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर हे मला पहिल्यांदा खटकलं.

येत्या सोमवारी मी ओरोसला जाणार आहे. सकाळची सव्वासातची एसटी आहे, वेळेवर आली तर. हाडांच्या ओपीडीत कोण भेटतं, किती वेळ लागतो, काय सांगतात, ते सगळं आल्यावर लिहीन. वाईट अनुभव आला तरी लिहीन, तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही झाकणार नाही. आणि आईंची तब्येत आता कशी आहे ते कळवा. बाकावर बसून पाय सुजत असतील तर घरी उशाशी घेतो तशी एक उशी रात्री पायाखाली घ्यायला सांगा. सूज चार-पाच दिवसांत उतरली नाही तर दाखवा, अंगावर काढू नका.