परिषदेस निघताना गुन्हा घरीच ठेवावा

नाशिकमध्ये भरणाऱ्या ‘गुन्हेगारी प्रतिबंध आणि फौजदारी न्याय’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत आपला शोधनिबंध स्वीकारल्याचा निरोप आला असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. नोंदणी शुल्क भरल्यानंतर अकराव्या मिनिटाला हा निरोप आला, म्हणून तज्ज्ञ समितीच्या चोखंदळपणाविषयी मनात किंतु आणू नये. समितीने निबंध वाचलेला नाही हे खरे, पण आपणही तो अजून लिहिलेला नाही, तेव्हा हिशेब चुकता झाला. परिषद आंतरराष्ट्रीय कशी, हे विचारणेही बरे नव्हे. काठमांडूचे एक प्राध्यापक पडद्यावर दिसणार आहेत, आणि त्यांचा आवाज आला नाही तरी ओठ हलताना सर्वांना दिसतील. गंगापूर रोडवरच्या सभागृहाला एवढे आंतरराष्ट्रीयत्व पुरते. अशा चार परिषदा मी पाहिल्या आहेत, एकीत तर सत्राध्यक्षही होतो, त्यामुळे तयारी कशी करावी हे सांगण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो असे मी धरून चालतो.

पहिली तयारी विषयाची. विषय निवडताना तो आपल्या घरापासून किती किलोमीटरवर आहे, हे आधी मोजावे. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्या, आभासी चलनातून होणारे आर्थिक गुन्हे, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याची न्यायव्यवस्था हे विषय उत्तम, कारण श्रोत्यांपैकी कोणालाच त्यांत स्वतःच्या पदरचे काही घालता येत नाही. याउलट मुद्रांक घोटाळ्याच्या काळात नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातील यंत्रे तेलगीच्या हाती कशी लागली, किंवा सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये चढताना खिसा नेमका कितव्या पायरीवर मारला जातो, असले विषय टाळावेत. ते सर्वांना समजतात, आणि जे समजते त्यावर लोक प्रश्न विचारतात. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्यभरातले फौजदार तयार होतात. घाबरलेल्या माणसाची फिर्याद कशी लिहून घ्यावी हे तेथे कसे शिकवतात, एवढेच जाऊन पाहिले तरी चांगला निबंध होईल, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटू शकते. त्याला वेळीच आवरावे. अकादमी रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि रिक्षाने जाऊन केलेल्या संशोधनाला कोणी संशोधन म्हणत नाही.

भाषणाची सुरुवात इतिहासाने करावी, म्हणजे दिलेल्या दहा मिनिटांतली सहा आपोआप सरतात. तुरुंगसुधारणेवरची आंतरराष्ट्रीय परिषद १८७२ मध्ये लंडनला भरली होती. ते काम १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे आले, आणि १९५५ मध्ये जिनिव्हाला त्यांची पहिली परिषद झाली. आपला सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हा मेळा पाच वर्षांनी भरतो. लंडन, स्टॉकहोम, क्योतो, काराकास, मिलान, हवाना, कैरो, व्हिएन्ना, बँकॉक, साल्वादोर, दोहा ही नावे संथ लयीत घेतली, की ऐकणाऱ्याला आपण तेथे जाऊन आलो आहोत असे वाटू लागते. २०२० ची क्योतोची परिषद करोनामुळे मार्च २०२१ मध्ये झाली, हेही सांगावे. येथे एकच खड्डा आहे, तो ओलांडून जावा. बालगुन्हेगारांविषयीच्या ‘बीजिंग नियमां’ना १९८५ मध्ये मिलानच्या परिषदेने संमती दिली आणि कोठडीऐवजी द्यावयाच्या पर्यायांविषयीच्या ‘टोकियो नियमां’ना १९९० मध्ये हवानाच्या परिषदेने, त्यामुळे नावावरून गाव ओळखायला गेल्यास फजिती होते. माझी झाली होती. सुदैवाने ती लक्षात येईल असा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता.

इतिहास सांगताना नियमांची नावे घ्यावीत, परंतु नियम वाचू नयेत. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेने कैद्यांना वागवण्याचे किमान नियम संमत केले, त्यांत कोठडी असेल तेथे प्रत्येक कैद्याला रात्री स्वतंत्र कोठडी असावी असे लिहिले आहे. २०१५ मध्ये याच नियमांची सुधारित आवृत्ती नेल्सन मंडेलांच्या नावाने आली आणि तीतही ते वाक्य टिकून राहिले. हे वाक्य आपण मोठ्याने वाचले आणि तेवढ्यात एखाद्याने आपल्याकडची आकडेवारी काढली, तर भलताच पेच पडतो. २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे असे. क्षमतेचा आणि कच्च्या कैद्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. ज्यांना न्यायालयाने अजून दोषी ठरवलेलेच नाही, त्यांनीच सगळे तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरतात, आणि शिक्षा झालेले लोक वरकड ठरतात. आकडे सरकारचेच आहेत, त्यामुळे ते नाकारता येत नाहीत. म्हणून ते तक्त्यात घालावेत, तक्ता रंगीत करावा आणि ‘वेळेअभावी पुढे जाऊ या’ असे म्हणून पुढे जावे.

बाहेरगावचे पाहुणे नाशिकरोड स्थानकावर उतरतात, त्यांना आणताना मार्गाचाही विचार करावा. आपल्याकडे नाशिकरोड कारागृहाच्या आजूबाजूला अख्खी वस्ती उभी राहिली आहे आणि ‘मुलाचा जेलरोडला फ्लॅट आहे’ हे वाक्य स्थळ सांगताना अभिमानाने उच्चारले जाते. हे परक्या माणसाला समजावणे कठीण आहे. एका पाहुण्यांनी मला गंभीरपणे विचारले होते की, मुलाची सुटका कधी आहे. पाहुण्यांना सरळ द्वारका चौकावरून आणावे, तेथील वाहतूक कोंडीत अर्धा तास आपोआप जातो आणि तेवढ्यात द्राक्षे, मिसळ आणि वाइन हे तिन्ही विषय संपवता येतात. कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींचे छायाचित्र स्मरणिकेत छापावे. मूर्ती सुंदर असतात. मूर्ती घडवणारा आत किती वर्षे आहे आणि त्याची तारीख कधी लागते, हे छायाचित्रात येत नाही.

आता मुख्य विद्येकडे येतो. गुन्हेगारी प्रतिबंधावर आजवर जेवढे ग्रंथ लिहिले गेले असतील, त्या सर्वांपेक्षा परिणामकारक उपाय मला एका ठाणे अंमलदाराने चार मिनिटांत शिकवला. ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण ही विद्या कोणा एकाची नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास बसमध्ये चढताना माझ्या सदऱ्याच्या खिशातला फोन गेला. दोन बोटे खिशात आल्याचे मला कळले, मी हात मारला, तो माणूस उडी मारून गर्दीत शिरला, त्याच्या पिवळ्या बनियनची पाठ मी पाहिली. ठाण्यात जाऊन हे सगळे क्रमाने सांगितले. अंमलदारांनी शांतपणे ऐकले, पंख्याखाली बसायला सांगितले, पाणीही दिले, आणि मग टेबलावरचा छापील कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, “काका, चोरीला गेला असं कशाला लिहिता? गर्दीत पडलाही असेल. ‘गहाळ’ लिहा. सिम कार्ड लगेच मिळतं.”

मी म्हणालो, “साहेब, मी त्याची पाठ पाहिली.”

“पाठीवरून माणूस सापडतो का, काका?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खांबावर कॅमेरा आहे, असे मी सुचवून पाहिले. त्यावर त्यांनी केवळ माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात मला कॅमेऱ्याची सगळी प्रकृती समजली. मी ‘गहाळ’ लिहिले. त्यांनी शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती, ती पुसू नये म्हणून त्यांनी कागदावर फुंकरही घातली.

घरी आल्यावर मी पुस्तके काढून बसलो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ आहे, हिसकावून नेण्याला कलम ३०४ हे नवे कलम आहे, आणि गहाळ होण्याला कलमच नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तो नोंदवून घेण्याची तरतूद आहे, आणि तपास कोठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवावे असेही आहे. ही सर्व तटबंदी एका तीन अक्षरी शब्दाने ओलांडली. गहाळ झालेल्या वस्तूला चोर नसतो, चोर नसल्यामुळे तपास नसतो, तपास नसल्यामुळे नव्वद दिवस नसतात, आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात त्या हद्दीतील गुन्हेगारी एका आकड्याने खाली येते. १९८५ च्या मिलानच्या परिषदेतून पुढे त्याच वर्षी गुन्ह्याच्या बळींसाठीचा जाहीरनामाही आला, आणि बळी पडलेल्या माणसाशी सहानुभूतीने वागावे, त्याची प्रतिष्ठा राखावी असे तो सांगतो. ते कलम मात्र पूर्णपणे पाळले गेले होते. पाणी दिले होते, पंखा दिला होता, फुंकर घातली होती.

हे मी एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण परिषदेच्या शेवटी जो ठराव लिहायचा असतो, त्याची भाषा हीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यांत वाक्ये ‘स्मरण करून’, ‘दखल घेऊन’, ‘तीव्र चिंता व्यक्त करून’ अशी सुरू होतात आणि ‘प्रोत्साहन देत आहोत’, ‘आवाहन करीत आहोत’ येथे संपतात. कोणी, कोणाचे, कधी आणि काय केले, हे चारही प्रश्न त्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी गहाळ झालेले असतात. दोहा असो वा क्योतो, सर्व राष्ट्रांची सहमती हवी असेल तर कोणत्याच राष्ट्राला टोचेल असे क्रियापद चालत नाही. त्या मसुदा समित्यांवर परराष्ट्र खात्यांची मोठमोठी माणसे असतात, असे सांगतात. माझ्या मते आमच्या अंमलदारांना व्हिएन्नाला पाठवले, तर मसुदा जेवणाच्या सुट्टीपूर्वी तयार होईल.

मसुदा लिहिताना वकील मित्रांपासून मात्र दूर राहावे. माझे एक स्नेही जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे करतात. गेल्या परिषदेत मी त्यांना सौजन्य म्हणून दोन शब्द बोला म्हटले, तर ते दोन शब्दांवर थांबेनात. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच, बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात, जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, येथवर ठीक होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि आणखी काही अपवाद वगळता त्याला सोडावे, आणि त्यासाठी कारागृह अधीक्षकानेच न्यायालयाला कळवावे, हेही ठीक. पण पुढे ते सांगू लागले की, त्यांच्या एका अशिलाला जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, दाखल्याला सातबारा किंवा घरपट्टी लागते. अशील अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे माल उतरवणारा परप्रांतीय मुलगा, या शहरात त्याला ओळखणारा एकच माणूस, आणि तोच फिर्यादी. सभागृह हसले आणि मग एकदम गप्प झाले. सत्राध्यक्ष या नात्याने मला घंटी वाजवावी लागली. इतिवृत्तात आम्ही ‘प्रक्रियात्मक विलंबाबाबत उद्बोधक चर्चा झाली’ असे लिहिले, ते आजही छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष दिवसाविषयी फार सांगण्यासारखे नाही. दीपप्रज्वलनाच्या वेळी एसीच्या झोतामुळे समई विझेल, म्हणून कापूर जवळ ठेवावा. उद्घाटनाला आलेले पोलीस अधिकारी बंदोबस्तामुळे चहाच्या आधी जातील, तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न त्यांच्यासमोर तयार नसावेत. पीडित महिला, सुटलेला कैदी, ठाण्यातून परत पाठवलेला म्हातारा, यांपैकी कोणालाही व्यासपीठावर बोलावू नये. त्यांना वेळेचे भान नसते, आणि त्यांच्या कहाणीला संदर्भसूची जोडता येत नाही. जेवणात मांडे ठेवल्यास दुपारच्या सत्राला चार माणसे उरतात आणि त्या सत्रात काहीही वाचता येते.

प्रमाणपत्र मात्र दिवस संपण्यापूर्वी ताब्यात घ्यावे आणि त्यावरचे आपले नाव तपासावे. पदोन्नतीच्या फायलीला ते मूळ प्रतीत लागते. पुढे ते हरवले, तर दुसरी प्रत देण्यासाठी आयोजक पोलीस ठाण्याचा दाखला मागतात आणि तेथे जावेच लागते. बॅगेसकट कोणी पळवले असेल, आपण पळवणाऱ्याची पाठ पाहिली असेल, तरीही तसे बोलू नये. छापील कागद टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असतो. पेन आपले न्यावे, तेथले दोरीला बांधलेले असते आणि बहुधा उमटत नाही.