मुलांना घेऊन स्कीइंगला जाताय? मग 'आलोच आहोत तर' घरी ठेवून जा

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "काश्मीरला चाललोय, मुलं पाच आणि आठ वर्षांची आहेत, गुलमर्गला स्कीइंग होईल ना?" मी विचारते, गुलमर्गला मुक्काम किती? उत्तर ठरलेलं असतं. "मुक्काम नाही गं, श्रीनगरहून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. गोंडोला (तिथला रोपवे), स्कीइंग, स्लेज (बर्फावरची घसरगाडी), सगळं पॅकेजमध्येच आहे." मग मी सरळ सांगते की असं असेल तर स्कीइंग विसरा. बर्फात लोळा, एकमेकांना गोळे मारा, गरम मॅगी खा आणि परत या. दिवस छान जाईल. पण त्याला स्कीइंग म्हणू नका. लोकांना राग येतो. येऊ दे.

त्या एका दिवसाचा हिशोबच मांडून बघा. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण हिवाळ्यात बर्फ असलं की तंगमर्गला थांबावं लागतं. तिथून वरच्या तेरा किलोमीटरच्या घाटासाठी टायरला साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यायची. भाड्याचे ओव्हरकोट आणि गमबूट घ्या असा आग्रहही तिथेच सुरू होतो. त्यात कुणाला तरी घाटात गाडी लागणार. वर पोहोचेस्तोवर अकरा वाजतात. मग गोंडोलाची रांग. मग जेवण. मग कुणीतरी मुलाच्या पायात बूट कोंबतो, दोन स्की अडकवतो, हाताला धरून वीस पावलं खाली आणतो, आई व्हिडिओ काढते आणि झालं स्कीइंग. मूल घरी येऊन सांगतं, "मला नाही आवडलं, पाय दुखतात." बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याला कुणी शिकवलंच नाही.

लहान मुलाला स्की साधारण तिसऱ्या दिवशी कळते. पहिला दिवस बुटांशी भांडण्यात जातो. ते बूट जड असतात, घोटा वाकत नाही, चालताना यंत्रमानवासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पडायची भीती जाते, आणि उठता येतं हे कळणं तर त्याहून मोठं. तिसऱ्या दिवशी एखाद्या क्षणी मूल स्वतःच्या स्वतः थांबतं. वेग सगळ्यांनाच येतो, उतार तो देतोच, पण हवं तिथे थांबता येणं म्हणजेच शिकणं. जगभरचे शिक्षक मुलांना दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणून 'पिझ्झाचा तुकडा' करायला सांगतात आणि चार-पाच वर्षांच्या मुलांना ते बरोबर कळतं. आमच्या धाकटीला 'वजन पुढे टाक, गुडघे वाकव' हे शंभरदा सांगूनही उपयोग नव्हता. पिझ्झा म्हटल्यावर लगेच जमलं.

म्हणून माझं ठाम मत: गुलमर्गलाच किमान चार रात्री. त्यासाठी पहलगाम आणि सोनमर्ग सुटले तरी चालतील. इथेच आपली मराठी मनं अडतात. "आलोच आहोत एवढं तर..." हे वाक्य आपल्या सहलींचं इंजिन आहे, आणि मोठ्यांच्या सहलीत त्याने फार बिघडत नाही. पण लहान मुलांच्या स्की-सहलीत त्याने सगळा विचका होतो, कारण मुलाची ताकद दिवसाला दोन-अडीच तासांची असते. त्या दोन तासांभोवती सगळी सहल बेतावी लागते आणि उरलेला दिवस मोकळा ठेवावा लागतो. सकाळी दोन तास धडा, मग गरम जेवण, झोप, संध्याकाळी हॉटेलच्या दारात बर्फाचा माणूस. बस. "पैसे भरलेत पूर्ण दिवसाचे" म्हणून रडणाऱ्या मुलाला दुपारी परत उतारावर नेणारे बाबा मी बघितलेत. त्यांचे पैसे वसूल होत असतील, मुलाचं मन मात्र कायमचं उडतं.

आता उंची. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. श्रीनगर आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंसंच खाली आहे, १,५८५ मीटर. गुलमर्ग २,६५० च्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या वर आणखी एक हजार मीटर. मुंबईहून सकाळी विमानात बसून संध्याकाळी थेट गुलमर्गला पोहोचलात तर मोठ्यांचंही डोकं धरतं. एक रात्र श्रीनगरला काढा. गुलमर्गला पहिला अर्धा दिवस नुसतं हिंडा, पाणी पाजत राहा. लहान मूल "माझं डोकं दुखतंय" असं नेमकं सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, ओकतं, आणि आपण म्हणतो प्रवासाचा शीण आहे. अशा वेळी त्याला आणखी वर न्यायचं नाही, आणि बरं वाटेना तर सरळ खाली उतरायचं. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला साधारण ३,१०० मीटरवर नेतो, तो ठीक आहे. दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या अंगाला जवळजवळ ३,९५० मीटरवर जातो. तिथे तीन-चार वर्षांच्या मुलाला फोटोसाठी न्यायचं मला अजिबात पटत नाही. तिकीट काढलंय म्हणून तर मुळीच नाही.

परदेशी मंडळी गुलमर्गला येतात ती या अफरवाटच्या उतारांसाठी, भुसभुशीत ताज्या बर्फासाठी. तो वेगळा खेळ आहे आणि जिवाशी खेळ आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. आपली जागा खाली, गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारांवर. मुलांना तेवढा उतार पुष्कळ वाटतो.

कधी जायचं, हा खरा वादाचा मुद्दा. नाताळच्या सुट्टीत शाळा बंद असते म्हणून सगळे तेव्हाच धावतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्लई कलां लागतो, थंडीचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. थंडी असते, पण उतारावर पुरेसा बर्फ असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग चक्क तपकिरी पडलं होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फच नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. तेव्हा बर्फाची हमी कुणी देत असेल तर तो विकायला बसलाय एवढंच समजा. त्यातल्या त्यात फेब्रुवारी बरा. थंडी जरा कमी, बर्फाचा थर जास्त, नाताळची गर्दी नाही. "पण शाळा?" मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या मुलाची आठवडाभर शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. दहावीतल्या मुलाला फेब्रुवारीत हलवता येत नाही, म्हणून हे लहानपणीच उरकावं. माझी नणंद झ्युरिकला असते. तिकडे फेब्रुवारीत शाळाच खेळाची सुट्टी देतात आणि अख्खी गावं मुलं घेऊन डोंगरावर जातात. आपल्याकडे मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा लागतो. लिहा की!

कितव्या वर्षी सुरू करावं? तीन वर्षांचं मूल बर्फात खेळू दे, स्लेजवर बसू दे. चार-पाचला स्की लावून बघायला हरकत नाही. सहा-सातला खरी मजा येते. आणि कृपा करून आईबाबांनी शिकवू नये. तुम्हाला येत असली तरी नाही. सायकल शिकवताना मागून धावणारे बाबा आठवा, निम्मा वेळ ओरडण्यात जातो. तिथले शिक्षक काश्मिरी, मुलांशी हिंदी-उर्दूत बोलतात, आणि कार्टून बघून हिंदी पक्की झालेली आपली मुलं त्यांच्याशी आपल्यापेक्षा छान जमवतात. शिक्षक मुलासाठी स्वतंत्र घ्या, शक्यतो रोज तोच, आणि दर आधी ठरवून. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही आहे. कॉलेजातल्या भाच्या-पुतण्यांना तिकडे जरूर पाठवा. पाच वर्षांच्या चिमण्याला मात्र त्याच्या गतीने शिकवणारा एकटा माणूस हवा.

कपड्यांवर सगळे विचारतात, तर तेही. सुती कपडे अंगालगत नकोत, घामाने ओले झाले की गारठा धरतात. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. भाड्याचे ते ढगळ ओव्हरकोट फोटोला छान, पण त्यात मूल पडलं की उठत नाही. मुलांसाठी बोटांचे नव्हे तर एकत्र पिशवीसारखे हातमोजे घ्या, आणि दोन जोड, कारण एक ओला होणारच. मोजे मात्र एकच जोड, पातळ लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. आजीने दिलेले तीन-तीन मोजे चढवले की बुटात पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गार पडतो. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला बराच वेळ लागला. बूटही एक माप मोठे घेऊ नका. 'पुढच्या वर्षी होतील' हा नियम शाळेच्या बुटांना ठीक. इथे पाय बुटात हलला की स्की ऐकत नाही. स्कीची उंची मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत, हातातल्या काठ्या सुरुवातीला नकोतच. लहान मापाचे बूट सगळ्या भाड्याच्या दुकानांत मिळत नाहीत, तेव्हा पोहोचल्याच्या संध्याकाळीच जाऊन मापं लावून ठेवा. हेल्मेट शक्य तर घरून न्या. पुण्या-मुंबईत डेकॅथलॉनसारख्या दुकानात यातलं बरंच मिळतं, आणि मुलं वाढली की भावंडांत फिरतं.

गॉगल आणि सनस्क्रीन विसराल तर संध्याकाळी मुलाचं नाक टोमॅटो झालेलं असेल. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचं, ऊन खालूनही येतं.

आणि शू. हसू नका. चार थर, पँट, बूट, स्की चढवून झाल्यावर जी आरोळी येते ती ऐकलेल्या प्रत्येक आईला मी काय म्हणतेय ते कळेल. बूट घालायच्या आधी सक्तीने सगळ्यांनी जाऊन यायचं, बाबांनीही. हॉटेल उताराच्या जितकं जवळ तितकं याच कारणासाठी बरं, मग भले खोली थोडी साधी असो. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुहेरी फायदा: कंटाळलेल्या मुलाला परत नेऊन बसवता येतं आणि खिडकीतून हात हलवायला कुणीतरी असतं. खोली घेताना एकच प्रश्न खोदून विचारा, वीज गेली तर गरम काय ठेवणार? बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, आहे का? विजेच्या चादरीच्या भरवशावर मुलं नेऊ नका.

खाण्याची काळजी आपण उगाच करतो. काश्मीर भात खाणाऱ्यांचा मुलुख आहे, राजमा-भात, डाळ-भात कुठेही मिळतो. वरून मेतकूट आणि तूप आपलं असलं की झालं. खिशात खजूर, चिक्की, दाण्याचा लाडू. थंडीत मुलं चटकन थकतात आणि भूक लागली हे त्यांना रडल्यावर कळतं, म्हणून मागायच्या आधी द्यायचं. तहानेचंही तसंच. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा.

स्लेजबद्दल दोन शब्द. टॅक्सी स्टँडवर उतरलात की दहा स्लेजवाले घेरतात, वैताग येतो, मान्य. पण त्यांची बरीचशी कमाई याच मोसमाची असते. भाव आधी ठरवा आणि ठरल्यावर घासाघीस करू नका. मुलांना जरूर बसवा, त्यांना स्कीपेक्षा तेच जास्त आवडण्याची शक्यता आहे. आपण ऐंशी किलोची माणसं मात्र चढावर कुणाला तरी ओढायला लावून बसतो, ते मला बघवत नाही. उतारावर बसा हवं तर.

उत्तराखंडातलं औली का नाही, असंही विचारतात. औली सुंदर आहे, समोर नंदादेवी दिसते. पण ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता, आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचू लागली तेव्हा औलीचा रोपवेही बंद झाला. मुलं दहा-बारा वर्षांची झाली की जा. काश्मीरबद्दल २०२५ च्या एप्रिलमधल्या पहलगाम हल्ल्यानंतर घराघरात वेगळाच प्रश्न निघतो, तो ज्याच्या त्याच्या घरी ठरावा. मी कुणाला चला म्हणून ओढणार नाही आणि घाबरवणारही नाही. सरकारी सूचना वाचा, मग तिकीट काढा.

परतीच्या विमानाआधी एक रिकामा दिवस श्रीनगरला ठेवा. बर्फ पडला की रस्ता आणि विमानतळ दोन्ही अडतात, आणि अशा वेळी दोन पोरं घेऊन विमानतळावर बसण्यापेक्षा दल सरोवराकाठी कहवा पीत बसलेलं बरं. जम्मू-काश्मीरबाहेरची प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, घरात एकाकडे तरी पोस्टपेड हवं. बाकी कुणाला मुलांच्या मापाचं हेल्मेट हवं असेल तर आमच्या थोरल्याचं पडून आहे, पाच ते आठ वर्षांच्या डोक्याला बसतं. कोथरूडात राहणाऱ्यांनी येऊन घेऊन जा, पण परत द्या.