शिकवणीपेक्षा प्रश्नसंच: शिक्षकांच्या जोडउत्पन्नाबद्दल थोडं सविस्तर

शिक्षणसेवकांचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. कायम होईपर्यंतची तीन वर्षं एवढ्यात काढायची. नेमणुकीचं गाव लांब, खोलीचं भाडं वेगळं, पेट्रोल वेगळं, घरी पाठवायचे ते वेगळे. अंशतः अनुदानावर अडकलेले, तासिका तत्त्वावरचे, खाजगी इंग्रजी माध्यमातले शिक्षक तर याहून ओढगस्तीत आहेत. म्हणून "शाळेव्यतिरिक्त काही करता येईल का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे 'वरकमाई' शब्दाला वाईट वास आहे, त्यामुळे चांगले शिक्षकही हे उघड बोलत नाहीत. बोललं पाहिजे.

पहिल्यांदा शिकवणीचं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८: कोणत्याही शिक्षकाने खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापनाचं काम करायचं नाही. यात 'फक्त आपल्या शाळेच्या मुलांची' अशी सूट नाही, 'फक्त सुट्टीत' अशीही नाही. घरच्यांच्या नावाने क्लास आणि शिकवणार स्वतः, हा मार्ग गावात सगळ्यांना माहीत असतो. एक तक्रार झाली की चौकशी मागे लागते. पण माझा आक्षेप नियमापुरता नाही. ज्या मुलाला आपण दिवसा शिकवतो त्याच्याच पालकांकडून संध्याकाळी फी घेतली, की दिवसाचं शिकवणं पातळ होतंच. हेच पालकांना विमा, आरोग्य पावडरी आणि साखळी योजना विकण्याबद्दल. पालक 'नाही' म्हणू शकत नाही, कारण त्याचं मूल आपल्या वर्गात असतं.

मग विकावं काय? माझं स्पष्ट मत आहे की शिक्षकाकडे असलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे मुलं कुठे आणि कशी चुकतात याचं ज्ञान. ते बाहेरच्या लेखकाकडे नसतं. आणि त्याला थेट गिऱ्हाईक आहे: सराव प्रश्नसंच, स्वाध्याय पुस्तिका, परीक्षांची पुस्तकं काढणारे प्रकाशक आणि शैक्षणिक ॲपवाले.

शिष्यवृत्ती परीक्षेचंच घ्या. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. पहिल्यात प्रथम भाषा २५ आणि गणित ५०, दुसऱ्यात तृतीय भाषा २५ आणि बुद्धिमत्ता चाचणी ५०. बाजारात याचे ढिगाने संच आहेत, पण त्यातले बरेच आकडे बदलून केलेले. खरा फरक चुकीच्या पर्यायांत असतो.

हा साधा प्रश्न बघा. "सकाळी १०:४५ ला निघालेली एसटी दुपारी १:२० ला पोहोचली. प्रवासाला किती वेळ लागला?" उत्तर २ तास ३५ मिनिटं. घाईत लिहिणारा बाकीचे पर्याय २ तास ३०, २ तास ४०, २ तास ४५ असे देतो. असे पर्याय निरुपयोगी, कारण कुठलंच मूल तिथे पोहोचत नाही. मुलं चुकतात ती अशी: १३.२० मधून १०.४५ दशांशासारखे वजा करून २.७५ आणतात, मग ७५ मिनिटांचा १ तास १५ करून ३ तास १५ लिहितात. किंवा १३ मधून १० गेले ३, आणि २० मधून ४५ जात नाहीत म्हणून उलटं करून २५, म्हणजे ३ तास २५. किंवा दुपारचा १ म्हणजे १३ हेच सुटतं आणि १०:४५ मधून १:२० वजा करून ९ तास २५ येतात. आता पर्याय झाले: २ तास ३५, ३ तास १५, ३ तास २५, ९ तास २५. मुलाने काय टिपलं यावरून त्याचं नेमकं काय बिघडलंय ते कळतं. असा प्रश्न वर्गात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

त्यासाठी जूनपासून एक वही घालावी. वह्या तपासताना तीच चूक तिसऱ्यांदा दिसली की धडा, उदाहरण आणि मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. मुलाचं नाव लिहायचं नाही. दिवाळीपर्यंत शंभरेक नोंदी सहज होतात.

संच कुठे फसतो तेही सांगतो. प्रश्नांचा क्रम बदलला पण उत्तरसूची जुनीच राहिली, हे सर्वात जास्त वेळा होतं. उपाय एकच: प्रत्येक प्रश्नाला कायमचा क्रमांक द्या, उत्तर त्याच ओळीत ठेवा आणि सूची सगळ्यात शेवटी त्यावरून काढा. दुसरं, बरोबर उत्तर नकळत पर्याय २ आणि ३ वर साचतं. ७५ प्रश्नांत प्रत्येक पर्यायाच्या वाट्याला १८-१९ आले का ते मोजा. तिसरं, दोन पर्याय बरोबर निघणं. समानार्थी शब्दांत आणि बुद्धिमत्तेच्या 'गटात न बसणारे पद' या प्रकारात हे हमखास होतं. पेपर दोघांना उत्तरसूचीशिवाय सोडवायला द्या. दोघांची उत्तरं जिथे जुळणार नाहीत, तिथे बहुतेक वेळा दोष प्रश्नात असतो. आणि आठवीच्या पेपरात कमाल २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत, ते मुद्दाम रचावे लागत.

फाईलचा त्रास वेगळाच. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर बदलून घेताना रफार सरकतो, 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो आणि जोडाक्षरं फुटतात. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा. मुक्त, बालू हे फाँट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, छापायला अडचण नाही. प्रकाशकाला वर्डसोबत पीडीएफही द्या. नाहीतर त्याच्या संगणकावर तो फाँट नसला की ओळी सरकतात, प्रश्न एका पानावर आणि पर्याय पुढच्या पानावर जातात. आकृत्या स्वतः काढा. बालभारतीच्या पुस्तकातलं चित्र किंवा उतारा मोबाईलवर फोटो काढून टाकू नका. वर्गात वापरणं वेगळं, विकायच्या पुस्तकात छापणं वेगळं. त्याला पाठ्यपुस्तक मंडळाची परवानगी लागते.

आता पैशाचं, आणि इथेच आपले लोक गप्प बसतात. पाच संच म्हणजे दहा पेपर, ७५० प्रश्न. एका चांगल्या प्रश्नाला १५ मिनिटं धरली तरी १८७ तासांच्या वर. समजा प्रकाशकाने एकरकमी १५ हजार देऊ केले, तर तासाला ८० रुपये पडले. हा हिशोब कागदावर मांडून मगच होकार द्या. स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी मिळणार असेल तर टक्के कशावर, ते विचारा. १०० रुपये किमतीच्या हजार प्रती खपल्या आणि छापील किमतीवर १० टक्के असतील तर १० हजार. विक्रेत्याची ४० टक्के सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर असतील तर ६ हजार. दोन्हीला करारात '१० टक्के'च लिहिलेलं असतं.

तोंडी व्यवहार करू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. त्यामुळे 'कायमस्वरूपी सर्व हक्क, सर्व माध्यमांत' ही ओळ दिसली की थांबा. पुस्तकाचे हक्क दिलेत म्हणून ॲपचे द्यायची गरज नसते. नाव मुखपृष्ठावर येणार का, पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीचं मानधन किती, खपाचा हिशोब वर्षातून कधी मिळणार, हे तीन मुद्दे लिहून घ्या.

स्वतः छापायचं असेल तर पहिल्यांदा २०० प्रतींच्या पुढे जाऊ नका. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीत लागतात. ४६ पानांचा मजकूर दिलात तर २ पानं कोरी जातील, तिथे उत्तरपत्रिकेचा नमुना टाका. आत ७० जीएसएमचा कागद पुरे, त्याहून पातळ घेतला तर मागची शाई पुढे दिसते आणि आकृत्यांचे प्रश्न खराब होतात. गठ्ठे का नकोत? २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. अशा एका निर्णयाने घरातल्या हजार प्रती रद्दीच्या भावात जातात. आणि आपली पुस्तिका आपल्या शाळेतल्या मुलांना विकायची नाही. त्यांना ती फुकट द्या.

परवानगीबद्दल. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम १९६७, खाजगी शाळांतल्यांना १९८१ची सेवाशर्ती नियमावली. तिघांनी आपापलं पुस्तक उघडून वाचावं. १९७९च्या नियमांत प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक, शास्त्रीय कामाला मोकळीक आहे, पण नियमित व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. दरवर्षी पुस्तक येणार असेल तर ते 'प्रासंगिक' राहत नाही. अर्ज योग्य मार्गाने करा: मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, तिथून शिक्षणाधिकारी. अर्जात तीन गोष्टी असाव्यात: काम शाळेच्या वेळेबाहेरचं आहे, शाळेचं साहित्य वापरणार नाही, स्वतःच्या विद्यार्थ्यांना विकणार नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. उत्तर महिनोन्महिने येत नाही, तेव्हा तो शिक्काच जवळ असतो. फक्त शिक्का म्हणजे परवानगी नव्हे, म्हणून पाठपुरावा सोडू नका.

मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांसाठी आणखी एक काम आहे, ज्याकडे फार कमी जण बघतात: मोडी लिप्यंतर. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारे किती थोडे उरलेत ते सगळ्यांना कळलं. त्याशिवाय जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, देवस्थानांची दफ्तरं घरोघरी पडून आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. वर्गात अक्षरओळख होते, हात बसायला मात्र रोज एक पान याप्रमाणे सहा महिने तरी द्यावे लागतात. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे आडनावं आणि गावांची नावं चुकतात. संशय असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाकून द्या, अंदाजाने नाव भरू नका. त्या एका नावावर कुणाचा तरी दाखला अवलंबून असतो. सन फसली (जुना महसुली सन) असेल तर ५९० मिळवून इसवी सन येतो. फसली १३१० म्हणजे १९००-०१, कारण वर्ष जूनमध्ये बदलतं. कागद सुहूर सनाचा (पेशवाईत चालणारा अरबी सन) असेल तर ५९९ मिळवावे लागतात, आणि हे दोन सन एकमेकांत मिसळले की नऊ वर्षांचा फरक पडतो. दर पानावर ठरवा, पण पान बघितल्याशिवाय सांगू नका. वाळवी लागलेलं एक पान चार चांगल्या पानांचा वेळ खातं.

यूट्यूबबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल नको इतकी स्वप्नं विकली जातात. जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं. पहिली-दुसरीच्या कविता-गोष्टींचे व्हिडिओ 'मुलांसाठी' या गटात जातात. तिथे व्यक्तिगत आवडीवर आधारलेल्या जाहिराती लागत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच बघणाऱ्यांत उत्पन्न कमी होतं. पैसे १०० डॉलर साठल्यावरच खात्यात येतात. अमेरिकेच्या कराची माहिती सुरुवातीलाच भरा. भरली तर तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावरच १५ टक्के कापतात, नाही भरली तर जगभरच्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. वर्गातली मुलं चित्रीकरणात घेऊ नका. इथेही परवानगीचा अर्ज हवाच.

कराचं शेवटी. प्रकाशकाने वर्षात ५० हजारांच्या वर मानधन दिलं तर तो १० टक्के कापून भरतो आणि ते आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतं. आपण विवरणपत्रात ते दाखवलं नाही तर नोटीस येते. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. लेखकांना स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते असं कुणी सांगितलं तर नीट ऐका: जुन्या करप्रणालीतली ती वजावट (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८० क्यूक्यूबी) साहित्य, कला, शास्त्र या विषयांच्या पुस्तकांना आहे. शाळेची पाठ्यपुस्तकं आणि गाईड त्यातून वगळलेली आहेत. बालकथासंग्रह लिहिणाऱ्या शिक्षकाला ती मिळू शकते, प्रश्नसंच लिहिणाऱ्याला नाही. म्हणून प्रकाशकाशी आकडा ठरवताना कर गेल्यावर हातात किती उरतात, ते धरूनच बोला.