‘जुळ्यांनी सिद्ध केलं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. फिरत फिरत तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की अमेरिकेत जुळ्या भावांवर संशोधन झालं आणि पार्किन्सन्स आनुवंशिक नाही हे सिद्ध झालं. तो शंभर टक्के जीवनशैलीचा आजार, खाणंपिणं आणि विचार सांभाळले असते तर झालाच नसता, आणि घरात कोणाला असला तरी मुलांनी निर्धास्त राहावं.

बाबांना अकरा वर्षांपासून कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स आहे. त्यांनी तो मेसेज चष्मा पुसून दोनदा वाचला आणि मला म्हणाले, “अगं, मग माझं नेमकं चुकलं काय?”

म्हणून हे लिहिते आहे.

“आनुवंशिक नाही हे सिद्ध झालं.” संशोधन खरं आहे, निष्कर्ष खोटा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या पुरुषांची एक मोठी नोंदवही आहे. संशोधक कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या जवळपास वीस हजार जणांची चाचपणी केली आणि १९९९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. एकबीज, म्हणजे एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या द्विबीजांची सरासरी निम्मी, इतर सख्ख्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारांत जोडीतले भाऊ वाढतात मात्र एकाच घरात. आजार जनुकंच ठरवत असतील, तर दोघांनाही तो होण्याचं प्रमाण एकबीज जोड्यांत कितीतरी जास्त निघायला हवं. निघालं एकबीजांत १५.५ टक्के आणि द्विबीजांत ११.१ टक्के. फरक किरकोळ.

मेसेज इथे थांबतो. लेख थांबत नाही. ज्यांच्यात एका भावाला तरी पन्नाशीपर्यंत आजार झाला होता, अशा १६ जोड्या त्यात वेगळ्या काढल्या आहेत. एकबीज ४ जोड्या होत्या, चारही जोड्यांत दोघांनाही आजार. द्विबीज १२ होत्या, त्यांतल्या फक्त २ जोड्यांत दोघांना. आकडे लहान आहेत हे मान्य. पण तरुणपणी होणाऱ्या पार्किन्सन्समध्ये जनुकांचा हात मोठा आहे, हे त्याच लेखात लिहिलेलं असताना तेवढंच गाळून बाकीचं पसरवायचं, याचा मला खरोखर राग येतो.

शिवाय भाऊ ‘आज ठणठणीत’ आहे म्हणजे त्याला आजार नाही, असं धरता येत नाही. डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या बऱ्याच पेशी गेल्यावरच हात थरथरायला लागतो. १९९९ मध्येच लंडनच्या पाओला पिचिनी आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. वरून निरोगी दिसणाऱ्या भावंडांचे स्कॅनही धरले, तर दोघांच्याही मेंदूत डोपामिनची यंत्रणा बिघडल्याचं एकबीज जोड्यांत ५५ टक्के आणि द्विबीजांत १८ टक्के निघालं. २०११ च्या स्वीडिश अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ३४ टक्के आला, अमेरिकी जुळ्यांच्या २०१९ च्या फेरतपासणीत २७. (हा वाटा म्हणजे लोकांमध्ये कोणाला आजार होतो आणि कोणाला नाही, या फरकातला जनुकांचा भाग. ‘माझा आजार २७ टक्के जनुकांमुळे’ असा त्याचा अर्थ होत नाही.)

“मग जीवनशैलीच.” जुळ्यांच्या अभ्यासात ‘परिसर’ म्हणजे जनुकं सोडून उरलेलं सगळं: हवा, पाणी, नोकरी, मार, निव्वळ योगायोगसुद्धा. संशोधक सॅम्युएल गोल्डमन यांनी २०१२ मध्ये अशा ९९ जोड्या तपासल्या ज्यांत एकालाच आजार होता. कामावर ट्रायक्लोरोएथिलीन या रासायनिक द्रावणाशी संबंध आलेल्यांत धोका सहापट दिसला. जोड्या थोड्या असल्यामुळे अंदाजाची मर्यादा फार रुंद आहे, म्हणजे खरा आकडा बराच कमी किंवा जास्तही असू शकतो, हेही सांगायला हवं. पण संपर्क आणि आजार यांच्यातलं अंतर १० ते ४० वर्षांचं होतं! आणखी एका अभ्यासात, डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या किंवा आठवण गेलेल्या भावाला धोका जवळपास चौपट दिसला.

ट्रायक्लोरोएथिलीन धातूवरचं ग्रीस काढायला वापरतात. बाबा बत्तीस वर्षं फिटर होते. सुटे भाग पत्र्याच्या ट्रेमध्ये उघड्या हातांनी धुवायचे. आई सांगते, घरी आले की शर्टाला गोडसर वास यायचा. ते द्रावण कोणतं होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि आजार त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही. पण बाविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीत हातात आलेल्या ट्रेला जीवनशैली म्हणायचं का?

राहिले ‘विचार’. जुळ्यांच्या या आकड्यांत त्याला काडीचाही आधार नाही. व्यायामाचा उपयोग होतो, बाबा रोज चालतात. आजार झाल्यावर चालणं वेगळं आणि चालला नाहीस म्हणून झाला असं ऐकवणं वेगळं.

“मुलांनी निर्धास्त राहावं.” हे अर्धंच खरं. उतारवयात सुरू झालेल्या आजारात मुलांचा धोका थोडाच वाढतो, आमच्या घरचं तसंच आहे. पण आजार पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल किंवा घरात दोघातिघांना असेल, तर न्यूरोलॉजिस्टला विचारून जनुकीय समुपदेशन घ्यावं. उलट, जनुकात दोष सापडला म्हणून सगळं संपलं असंही नाही. २०१४ मध्ये एका एकबीज जोडीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पार्किन्सन्सचा धोका वाढवणारा, जीबीए नावाच्या जनुकातला एकच बदल दोघांतही होता, पार्किन्सन्स मात्र एकालाच.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. चार जोड्यांचा आकडा त्यांनी पुन्हा विचारला. मग फोन मांडीवर ठेवून, एका हाताने दुसरा हात धरून, ग्रुपवर स्वतःच टाइप केलं. सात-आठ मिनिटं लागली. “मी काही चुकीचे केले नव्हते. खाली मुलीने लिहिले आहे ते वाचा.”